दादाच्या आवाजात

४ मार्च

घसा नसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपलं वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा थांबत नाही. आपण टाइप करत असतो. तो मान डोलावतो, खिडकीबाहेर बघतो आणि आपल्या वाक्याचा शेवट स्वतःच ठरवून मोकळा होतो. याला सहानुभूती म्हणतात. मी याला मुस्कटदाबी म्हणतो.

असं आज कुठेतरी ओरडून म्हणायचं होतं. समोर सभा नाही. ही वही आहे आणि टेबलावर मेलेला कॉम्प्युटर आहे.

काळ्या पडद्यावर पांढरी ओळ — सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. बंद केला, पुन्हा लावला. तीच ओळ. पंखा फिरतो, दिवा लागतो, म्हणजे जीव आहे. फक्त वाचा गेली. आता आम्ही दोघे सारखेच.

आणि हे मी केलं. माझ्या हाताने.

सकाळी खाली दादाकडे गेलो होतो. त्याने सरळ सांगितलं, "डायलिसिस बंद करतोय. डॉक्टरांशी बोलणं झालंय. पुरे झालं." जणू घरचा पेपर बंद करतोय! मी मांडीवर कॉम्प्युटर उघडला; मी टाइप करतो, तो बोलतो. हा सुरू होईपर्यंत दादाचं नेहमीच सगळं बोलून झालेलं असतं, आजही तेच. मग मी सुटलो. लढाई अर्ध्यावर टाकता येत नाही. वहिनीचं काय? पोरीचं काय? शरीर हार मानतं ते माणसाने मानल्यावर. तो ऐकत होता. डोळे गेल्यापासून तो ऐकताना तोंड भिंतीकडे करतो आणि कान माझ्याकडे. मध्येच म्हणाला, "माझ्याच आवाजात मला दटावतोस, भोंग्या. वाटतं, मीच भ्रमिष्ट झालोय."

वहिनी हसली. मला हसू आलं नाही. मी एकच शब्द टाइप केला आणि बटण दाबलं.

पळपुटा.

दादा वहिनीला म्हणाला, "मला आत ने." मी कॉम्प्युटर मिटून टाकला. आतल्या दाराशी तो थांबला. वळून, मी जिथे बसलो होतो त्याच्या जरा डावीकडे बघत म्हणाला, "तुला वाटतं मला भीती वाटत नाही?"

याचं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं होतं. कॉम्प्युटर उघडला. तो आळोखेपिळोखे देत उठेपर्यंत आतलं दार लोटलेलं होतं. वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "झोपले, भाऊजी. उद्या बोला."

वर आलो तो तापलेला. ठरवलं, हे यंत्र झटक्यात सुरू झालंच पाहिजे. चालू होताना एक बटण दाबून धरलं की निळं पान उघडतं, यंत्राच्या अगदी तळातल्या सेटिंगचं — हे कुठेतरी वाचलेलं. तिथे डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची याची एक ओळ होती. दुसरी पद्धत जास्त वेगवान वाटली. बदलली. त्याने विचारलं, बदल जपून ठेवू की रद्द करून मागे जाऊ? जपून ठेव! मी आयुष्यात कधी मागे गेलेलो नाही.

मग काळा पडदा. तो घालवायला दुसरं सेटिंग बदललं. मग आणखी एक. दर वेळी जपून ठेव, जपून ठेव. आता आधी काय होतं तेच आठवत नाही.

५ मार्च

दिवसभर निळं पान. हाती काही नाही.

आज दादाचा डायलिसिसचा दिवस. न्यायला येणारी गाडी आली नाही. त्याने येऊ नका म्हणून कळवलं होतं.

६ मार्च

हा आवाज माझ्याकडे कसा आला ते लिहून ठेवतो. उद्या मलाच खोटं वाटेल.

आम्ही दोघे काचेच्या कारखान्यात. दादा टाइमकीपर — फाटकापाशी छोट्या खोलीत बसून हजेरी लावायचा, उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण करायचा. मी भट्टीवर, आणि संध्याकाळी फाटकाबाहेर पेटीवर उभा राहून भाषणं करणारा. मोठ्या संपात दादा मागच्या दाराने कामावर गेला. मी कर्णा घेऊन फाटकावरून त्याला तोच शब्द ऐकवला. सगळ्यांसमोर. तो शब्द त्या दिवशी खरा होता. त्या दिवसापुरतं मी त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही.

त्यानंतर आमचं बोलणं वहिनीमार्फत. "त्याला सांग, आईचं औषध संपलं." "वहिनी, त्यांना सांगा, मी आणलंय." एकाच घरात, एकाच ताटाभोवती, आणि मध्ये ती. किती वर्षं तिने आमचा दुभाष्या म्हणून जन्म काढला!

मग माझा घसा. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी आवाज भरून ठेवा, मग कॉम्प्युटर त्या आवाजात तुमचं टाइप केलेलं बोलेल. पण तोवर माझा आवाज म्हणजे फरशीवरून ओढलेला पत्रा. बाईंनी विचारलं, घरात कोणाचा आवाज जुळतो का? मी पाटीवर लिहिलं — कोणाचा नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आला. केस नीट विंचरून, ऑफिसला जाताना घालायचा तो शर्ट घालून. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाला, "कुठे बसू?"

रोज येऊन त्या भिंतींना गाद्या लावलेल्या, आवाज भरायच्या खोलीत तो वाचत बसला. तेव्हा त्याला चष्म्याने दिसत होतं. वाक्यं तरी काय! खिडकी लावून घ्या. आज मंगळवार आहे का? माझी चप्पल कुठे गेली? मी काचेबाहेर. ज्या माणसाशी मी बोलत नव्हतो तो माझी चप्पल शोधत होता. प्रत्येक वाक्य हजेरी घेतल्यासारखं, सपाट, शेवटी थोडं थांबून, जणू समोरून कोणी "हजर" म्हणणार आहे.

शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, आता तुमच्या मनाने काहीतरी बोला. दादाने बराच विचार केला. मग रोज संध्याकाळी, गप्पा मारत रेंगाळणाऱ्यांना तो खोलीतून हाकारायचा तेच म्हणाला —

"शिफ्ट सुटली. घरी जा."

यंत्र बाकी सगळं दादासारखं बोलतं. हे एक वाक्य मात्र अख्खं भरलेलं आहे; ते टाइप केलं की दादाच बोलतो.

बाहेर येऊन माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "एक अट आहे. माझ्या आवाजात घोषणा द्यायच्या नाहीत." ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो, कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि सगळ्यात आधी घोषणा दिली. दादा पलंगाशी होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही घोषणा आहे की गैरहजरांची नावं?"

पुढे साखरेने त्याचे डोळे गेले. म्हणजे तो आंधळा, मी मुका. मी लिहिलेलं त्याला दिसत नाही, आणि मला बोलता येत नाही. मध्ये फक्त हे यंत्र. सकाळचा पेपर मी टाइप करून ऐकवायचो. स्वतःच्या आवाजात बातम्या ऐकून तो म्हणायचा, "हे मी कधी म्हणालो? हे तुझं घुसडलेलं आहे." आणि खरंच मी घुसडलेलं असायचं.

त्या बाईंचं केंद्र केव्हाच बंद पडलं. नक्कल कुठेच नाही.

७ मार्च

आज खाली गेलो ते रिकाम्या हातांनी. दादाने पावलांवरून ओळखलं. "आला. आज भोंगा का वाजत नाही?"

वहिनीने सांगितलं, कॉम्प्युटर बिघडलाय.

दादाने कान माझ्याकडे केला. मग म्हणाला, "म्हणजे माझा आवाज माझ्याआधी गेला म्हणायचा." आणि स्वतःच हसला. पाय सुजलेत त्याचे. चेहराही.

मी खाटेवर टकटक केली. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. असं काही ठरलेलं नव्हतं, पण तो लगेच समजला. "डायलिसिस सुरू करू म्हणतोस?" एक टकटक. "मी ऐकणार आहे का?" दोन. "मग का आलास? भांडायला?" यावर कोणती टकटक करायची ते मला सुचेना. तो म्हणाला, "टपालवाल्यासारखा दार वाजवून उभा राहू नकोस. बोल काहीतरी."

वहिनीने कागद आणला. "लिहा भाऊजी, मी वाचून दाखवते." मी पानभर लिहिलं. ती वाचायला लागली. मी लिहिलं होतं 'हा शुद्ध आडमुठेपणा आहे.' तिने वाचलं, "तुम्ही जरा विचार करावा असं म्हणतायत." मी लिहिलं होतं 'तुझ्या मागच्या दाराची मला सवय आहे.' ते तिने गाळलं.

दादाने हात वर केला. "बस. हे त्याचं नाही. यात एकही शिवी नाही." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता मध्ये माणूस नको. फार वर्षं झालं ते. त्याला बोलायचं असेल तर त्याने बोलावं."

वहिनी स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला नाही. नुसतीच उभी असेल.

८ मार्च

पुतणी आली. नोकरीच्या गावाहून, हातात एकच पिशवी. तिने माझ्या टेबलावरचा काळा पडदा बघितला आणि म्हणाली, "काका, एवढंच ना? फोनसुद्धा बोलतो आता. टाइप करा."

खाली दादाजवळ बसलो. मी टाइप केलं — दादा, मी आहे. फोनमधून एक बाई बोलली. गोड, स्वच्छ, कपड्यांच्या दुकानात सवलत जाहीर करतात तशी.

दादा कावराबावरा झाला. "या बाई कोण? नर्स आली का?"

"बाबा, काका बोलतायत. फोनमधून."

"तो कुठला एवढा गोड?"

मी पुन्हा टाइप केलं. यंत्र दुरुस्त होईल. तू फक्त जेव. त्याने ऐकलं, आणि त्या बाईला म्हणाला, "बरं हं ताई. येतेच माझी बायको आता." पुतणीने त्याचा हात धरला, समजावलं. तो चिडला. "मला त्याचा आवाज हवाय."

"बाबा, तो तुमचाच आवाज आहे!"

"असेल. पण बोलतो तो."

पुतणी जिन्यात येऊन रडली. तोंडावर ओढणी धरून, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाली, "माझ्याकडे बाबांचा आवाज नाही काका. फोनवर ते 'हं'च्या पुढे कधी बोललेच नाहीत. सगळा त्या डबड्यात आहे."

मी सभांमधून हजारोंना धीर दिलाय. पायरीवर बसलेल्या एका पोरीला देता आला नाही. डोक्यावर हात ठेवला. तेवढंच.

९ मार्च

पुस्तकं उपसली. कॉम्प्युटरची, विजेची, जे हाताला लागलं ते. मी जन्मभर पुस्तकांवर विश्वास ठेवला. पुस्तकातून मी संप शिकलो, कायदा शिकलो, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्वतःचं स्वरयंत्र कसं असतं तेही वाचलं. त्याच गुर्मीत कॉम्प्युटरवर आणखी एक पान उघडलं. तिथे मोठ्या अक्षरांत — सगळं पुसून नव्याने बसवू का? खाली दोन चौकोन. हो. नाही.

बोट 'हो'वर होतं. पुढे जायची सवय! पुसल्यावर यंत्र सुरू होईल, एवढंच डोक्यात. मग कळलं, पुसणार काय आहे. माझी चप्पल कुठे गेली. आज मंगळवार आहे का.

'नाही' दाबलं. मग कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि चौकापलीकडच्या दुरुस्तीवालीकडे गेलो. अहंकार थोडा चादरीतच राहिला असावा, कारण दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभा होतो.

दुरुस्तीवाली जाडजूड, कपाळावर भिंग लावलेला पट्टा. मान वर न करता म्हणाली, "कोणी हात लावला?"

पाटीवर लिहिलं — मी.

"बरं झालं बाबा. बाकी सगळे म्हणतात आपोआप झालं." निळं पान उघडलं, आणि तिने शीळच घातली. "साहेब, हे काय केलंय? यंत्राशी दुश्मनी आहे का? एक बदललं, फसलं, तर तेच परत जसंच्या तसं करायचं ना. तुम्ही पुढचं, पुढचं, पुढचं करत गेलात."

लिहिलं — मागे जायची सवय नाही.

"दिसतंय." तिने पट्टा खाली ओढला. "डिस्क मेली नाहीये. तुम्ही यंत्राला सांगितलंत, वेगळ्या पद्धतीने वाच. त्याला ती पद्धत येत नाही, म्हणून ते म्हणतंय डिस्कच नाही. पण जुनी आहे. आधी तिच्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घेते, मगच सेटिंगला हात लावीन. घाई केली तर आहे तेही जाईल. दोन-तीन दिवस धरा."

मी लिहिलं — यात माझ्या भावाचा आवाज आहे. भाऊ जातोय.

तिने वाचलं. पाटी मला परत न देता बाजूला ठेवली. टेबलावर उघडून पडलेलं दुसऱ्या कोणाचं तरी यंत्र उचललं, खाली ठेवलं, आणि माझं तिथे घेतलं. वर म्हणाली, "रोज येऊन डोक्यावर बसायचं नाही. तुम्ही लिहून भांडणारे दिसता."

१० मार्च

दादाने आज पावलांवरून ओळखलं नाही.

११ मार्च

दिवसभर त्याच्याजवळ. तो मधूनमधून इथे असतो, मधूनमधून कारखान्यात. नावं घेतो. भट्टीवरचे, पॅकिंगचे, कितीतरी जण जे आता नाहीत. प्रत्येक नावानंतर थांबतो. कोणी "हजर" म्हणत नाही म्हणून पुन्हा तेच नाव. शेवटी वहिनी हळूच "हजर" म्हणते, मग पुढे सरकतो. माझं नाव आलं. मी टकटक केली. त्याने ऐकलं नाही. तीनदा नाव घेतलं आणि हवेत बोटाने खूण केली. लाल असणार.

हातावर लिहायचा प्रयत्न केला. तळव्यावर बोटाने, मोठं अक्षर. पण साखरेने त्याचे हात केव्हाच बधिर झालेत. गरम पेलाही कळत नाही. त्याने हात ओढून घेतला आणि पांघरुणाला पुसला, माशी बसावी तसा.

दुपारी वहिनी मागच्या दारात भाजी निवडत बसली होती. मी शेजारी बसलो. पाटीवर लिहिलं — तुम्ही त्याला अडवलं का नाही? तिने पानं खुडता खुडता वाचलं.

"अडवलं की. खूप आधी. तुम्हाला आत्ता कळलं म्हणून तुम्ही आत्ता अडवताय." मग म्हणाली, "तुम्ही कधी त्या खुर्चीपाशी बसला नाहीत भाऊजी. सुई लागली की ते मला विचारायचे, शिफ्ट कधी सुटणार? मी म्हणायची, चार तासांनी. मग गप्प बसायचे. शेवटी शेवटी घरी आल्यावरही विचारायला लागले. जेवताना. अंथरुणावर. शिफ्ट कधी सुटणार? त्याला मी काय उत्तर देऊ? तुम्ही भाषण करणारे, तुम्ही सांगा."

मी पाटी पुसली.

आतून दादा ओरडला. अंगात नाही एवढ्या जोराने. "कोणी जाऊ नका! अजून सुटली नाही!" आम्ही धावलो. तो उठून बसायला बघत होता. पुतणीने धरलं होतं. डॉक्टर म्हणतात, असं होतं, यातून हळूहळू झोप लागते. त्याला झोप लागत नाही. तो कोणाला जाऊ देत नाही.

भाषण मात्र तयार आहे. रोज थोडं लिहितोय. उपचार पुन्हा सुरू करणं अजून शक्य आहे, डॉक्टरांना विचारून घेतलं. मी आजवर लिहिलेलं सर्वांत चांगलं भाषण. दगडाला उठवेल असं. यंत्र आलं की झालं!

१२ मार्च

दुरुस्तीवालीने पुतणीच्या फोनवर निरोप ठेवला — लिहिणाऱ्या साहेबांना पाठवा.

उतरवून झालं होतं सगळं. मग तिने माझ्यासमोर यंत्र पालथं केलं, स्क्रू काढले आणि आतून बटणाएवढी गोल बॅटरी उचकटली. "ही काढली की ते तुमचे सगळे हुकूम विसरतं. कारखान्यातून आलं तसं होतं." थोडं थांबून परत बसवली. सुरू केलं.

सुरू व्हायला डिस्क सापडत नाही.

मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे. बोटांनी टेबल वाजवत म्हणाली, "म्हणजे कारखान्याचंही चालत नाही याला. ज्याने आवाज बसवला त्याने तेव्हा काहीतरी बदललं असणार. मूळ नाही, आणि तुमचंही नाही. मधलं काहीतरी." आणि ती निळ्या पानावर गेली. एक ओळ बदलायची, बघायचं, नाही जमलं की ती आधी जशी होती तशी करायची, मगच दुसरीला हात. पुन्हा तसंच. मला ते बघवत नव्हतं. इतक्या वेळा कोणी मागे येतं?

मग पडदा निळा झाला, पांढरा झाला, आणि माझं जुनं चित्र आलं. कारखान्याचं फाटक.

मी खुर्चीवर बसलो. तिने पाणी दिलं. गळ्याला भोक असलेल्या माणसाला पाणी द्यावं की नाही या विचाराने पेला हातातच धरून म्हणाली, "चालतं ना?" चालतं. तिने आवाजाची वेगळी नक्कल करून पुतणीसाठी छोट्या डिस्कवर दिली. "बोलवून बघा काहीतरी." मी मान हलवली. पाटीवर लिहिलं — पहिलं त्याच्याशी.

"मग पळा."

पळालो. घरी दादाला नुकतंच औषध दिलं होतं. गुंगीत होता. वहिनी म्हणाली, "सकाळी." रात्री कागदावरचं भाषण कॉम्प्युटरवर वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवलं.

१३ मार्च

खोलीत आम्ही चौघं. पुतणी पायाशी, वहिनी खिडकीत. मी त्याच्या कानाशी कॉम्प्युटर धरला. बोलायचा प्रोग्राम उघडला. आणि विसरलो — हा प्रोग्राम शेवटचं टाइप केलेलं जपून ठेवतो, आणि पहिल्या बटणाला तेच बोलतो.

बटण दाबलं. दादाच्या आवाजात, स्पष्ट, सपाट, शेवटी थोडं थांबून —

पळपुटा.

पुतणीने तोंडावर हात धरला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी या डबड्यासकट आत जावं. एवढे दिवस वाट बघितली, एवढी पुस्तकं, एवढी दुरुस्ती — आणि त्याच्या कानात पुन्हा हेच!

दादाचे ओठ हलले. तोंडावर काहीतरी पसरत गेलं. ते हसू आहे हे कळायला मला वेळ लागला.

"आलास का?" तो म्हणाला. "कुठे होतास इतके दिवस?"

तीन दिवसांत त्याने कोणालाच ओळखलं नव्हतं. वहिनीलाही नाही.

त्याने हात चाचपडत पुढे केला. कॉम्प्युटरच्या कडेला लागला. त्याला कळलं नसेल, पण तो तिथेच राहिला. "बोल," म्हणाला. "ऐकतोय. मी कुठे जातोय? अजून शिफ्ट सुटायची आहे."

मी भाषण उघडलं.

१४ मार्च

दादा सकाळी गेला. झोपेत. कालपासून गाढ झोपला होता.

काल भाषण ऐकवलं नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुसलं, आणि एकच ओळ टाइप केली. ती त्याने आधीच बोलून ठेवलेली होती, त्यामुळे यंत्र नाही, तोच बोलला —

शिफ्ट सुटली. घरी जा.